तुमची खिडकी

पेंटरला लोक तोंडावर पेंटर म्हणत आणि पाठ वळली की वेलांटी. हे नाव त्याने स्वतःच्या कर्माने कमावलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून घेऊन आलं, की हा कानावरची पेन्सिल काढून आधी त्या बिचाऱ्याचं शुद्धलेखन तपासायचा. एकदा गिरणीवाला ‘पिठ’ असं लिहून घेऊन आला. पेंटर म्हणाला, ‘‘दुसरी वेलांटी.’’ गिरणीवाला म्हणाला, ‘‘लोकांना कळतं हो, दळून मिळाल्याशी कारण.’’ पेंटरने त्याचा पत्रा त्याच्या हातात परत दिला आणि दुसरा पेंटर बघायला सांगितलं. आडमुठा माणूस, पण हात असा, की आठवडाभराने गिरणीवाला दुसरी वेलांटी कबूल करून परत आला.

बायको दवाखान्यात नंबर द्यायच्या खिडकीत बसायची. दिवसभर आजारी माणसांचं ऐकून घ्यायची आणि घरी आल्यावर नवऱ्याचं. मूल झालं नाही. का झालं नाही, यावर दोघांनी वीस वर्षं मूग गिळले. मग एक दिवस दवाखान्याच्या भिंतीवर एका संस्थेचा कागद लागला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात लढाई पेटली होती, आईबाप गमावलेली चाळीस मुलं येणार होती, त्यांच्यासाठी घरं हवी होती. एक वर्ष मूल घरी ठेवायचं. वर्ष संपलं की मुलालाच विचारायचं, इथे कायमचं राहतोस की संस्थेच्या वसतिगृहात जातोस. बायकोने तो कागद भिंतीवरून काढूनच घरी आणला. दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून. ती अशी कधी वागत नसे.

दहा वर्षांची मुलगी आली. एक पिशवी, पायात दोन मापं मोठे बूट. संस्थेच्या कार्यालयात पेंटरने आठवडाभर घोकलेलं वाक्य म्हटलं, ‘‘आमच्या घरी तुला काही कमी पडणार नाही.’’ तिला एक अक्षर कळलं नाही. म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ती बहिरी असल्यासारखं.

आई-बाबा म्हणायची सक्ती नको, असं दोघांनी ठरवलं होतं. काका आणि काकू. तिचं नाव शेजाऱ्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा सगळे तिला पाहुणी म्हणू लागले. ‘‘काय गं पाहुणी, जेवलीस का?’’ ‘‘पाहुणी, शाळा कशी आहे?’’ लाडानेच म्हणत. घरातही तेच नाव चिकटलं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पोरगी हुशार होती. शाळा सुटली की दुकानात यायची, उपड्या डब्यावर बसायची आणि पाट्या वाचायची. पेंटर रद्दी पत्र्यावर खडूने अक्षरं काढून द्यायचा. सहा महिन्यांत ती बोलू लागली, आणि पेंटरला स्वर्ग दोन बोटं उरला. आयुष्यभर ज्यांना वेलांटीचं सोयरसुतक नाही अशा माणसांत काढल्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारत होतं, हे असं का आणि ते तसं का नाही.

एकदा तो एका मिठाईवाल्याची पाटी करत होता. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, नेहमीचं वाक्य: ‘आमची कोठेही शाखा नाही.’

‘‘आमची का?’’ तिने विचारलं. ‘‘आपली का नाही?’’

पेंटरने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. असा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नव्हता. ‘‘हे बघ, दुकान मिठाईवाल्याचं. पाटी वाचणारा कोण? गिऱ्हाईक. त्याचा दुकानाशी काय संबंध? म्हणून आमची. आपण म्हटलं की मी आणि तू, दोघं आत. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर.’’

‘‘समोरचा बाहेर,’’ ती म्हणाली.

‘‘शाबास!’’ रात्री जेवताना त्याने हा प्रसंग बायकोला दोनदा सांगितला. ‘‘आमच्या पाहुणीचं डोकं बघ,’’ म्हणाला.

त्यानंतर पोरगी घरात जरा जपून बोलू लागली. पेंटरला वाटलं, व्याकरण पक्कं करतेय.

‘‘काका, तुमचा खिडकी उघडू?’’

‘‘तुमची. खिडकी स्त्रीलिंगी.’’

‘‘तुमची खिडकी उघडू?’’

‘‘उघड, उघड.’’

‘‘काकू, तुमचा पाणी संपला.’’

‘‘तुमचं पाणी संपलं,’’ आतून पेंटर ओरडायचा. बायको म्हणायची, पोरीला दोन घास सुखाने गिळू द्या. पण तिचीही जीभ ज्या वळणाची होती त्याच वळणाने चालायची. ‘‘आमच्याकडे ताटात टाकत नाहीत हं.’’ ‘‘आमच्या घरात चप्पल आत आणत नाहीत.’’ रागावून नाही, शिकवायचं म्हणून. पोरगी ताट साफ करायची, चप्पल बाहेर काढायची, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. बायको दवाखान्यात सांगायची, इतकं शहाणं मूल बघितलं नाही. इतकं शहाणं मूल बघून काळजी वाटायला हवी होती, पण दोघांना मुलांची सवय कुठे होती!

पेंटर तिला टिंबं द्यायला लावायचा. पाटी पूर्ण झाली की अनुस्वार तिचे. जीभ दातांत धरून ती रंगाचा एकेक थेंब ठेवायची, आणि पेंटर श्वास रोखून बघायचा. त्याचा जीव जडला होता. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, पोरीला तर नाहीच. त्याने गुपचूप दारावरची नवी पाटी करायला घेतली. सागवानी फळी, पांढरी अक्षरं, तीन ओळी. पहिल्या ओळीत त्याचं नाव, दुसऱ्या ओळीत बायकोचं. तिसऱ्या ओळीशी हात थांबला. पोरीच्या नावात एक वेलांटी होती, पण पहिली की दुसरी? संस्थेच्या कागदावर पहिली होती, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. पेंटरने दोन्ही कागद समोर ठेवून भिंग लावून बघितले. चुकीची वेलांटी स्वतःच्या दारावर? लोक हसतील. त्याने फळी कपाटामागे उभी केली. ठरलं की लिहू, म्हणाला.

वर्ष भरायला महिना उरला, तेव्हा संस्थेने सगळ्या मुलांना वसतिगृह दाखवून आणलं. पोरगी परत आली. पेंटरने विचारलं, ‘‘कसं होतं?’’ ती म्हणाली, ‘‘खोलीत आठ खाटा आहेत.’’ पेंटर निश्चिंत झाला. आठ खाटांच्या खोलीत कोण जाणार?

ठरलेल्या दिवशी संस्थेच्या बाई अर्ज घेऊन घरी आल्या. बायकोने दवाखान्यातून सुटी घेतली होती. नियमाप्रमाणे मुलीला एकटीलाच विचारायचं असतं, बाई म्हणाल्या. पोरगी म्हणाली, ‘‘नको. त्यांच्यासमोर सांगते.’’ आणि खुर्चीत ताठ बसून, शाळेत उत्तर देतात तसं तिने सांगितलं, ‘‘मी वसतिगृहात राहणार.’’

पेंटरला आधी वाटलं, तिने शब्द चुकीचा वापरला.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘का गं? आमचं काही चुकलं का?’’

पोरीने काकूकडे नाही, पेंटरकडे बघितलं. ‘‘काका, मिठाईच्या पाटीवर होतं ना? आमची म्हटलं की समोरचा बाहेर.’’

‘‘बरं मग?’’

‘‘तुम्ही म्हणता आमचं घर. काकू म्हणतात आमच्याकडे. म्हणून मी तुमचं म्हणायला लागले. तुमची खिडकी, तुमचं पाणी. तुम्ही माझ्या सगळ्या चुका सांगता. मी वाट बघितली. ती चूक तुम्ही सांगितलीच नाही.’’

पेंटरला एकेक वाक्य आठवू लागलं, खिडकीचं, पाण्याचं. तेव्हा लिंग दुरुस्त करून त्याने समाधानाने मान हलवली होती, तेही आठवलं. ‘‘अगं, ते तोंडात बसलेलं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘बोलायची पद्धत असते. मनात तसं काही...’’

‘‘वसतिगृहातल्या बाई म्हणाल्या, ही आपली खोली.’’

संस्थेच्या बाईंनी मान खाली घालून अर्जातला रकाना शोधायला घेतला. वसतिगृहातल्या त्या बाई सगळ्यांनाच आपलं म्हणत. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही, बघा ना, आपला नळ गळतोय. हे संस्थेच्या बाईंना माहीत होतं. पण ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगून काय झालं असतं?

पेंटर उठला. कपाट ओढताना त्याचा गुडघा आपटला. कपाटामागची फळी काढून बाहीने धूळ पुसत तो पोरीसमोर आला. ‘‘हे बघ. हे बघ, तुझ्यासाठीच केलीय, चार महिने झाले. दारावर लावायची होती.’’

पोरीने वाचलं. पहिली ओळ वाचली, दुसरी ओळ वाचली. मग खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

‘‘माझं कुठे आहे?’’

‘‘वेलांटी ठरत नव्हती,’’ पेंटर म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच आपली शरम वाटली. ‘‘पहिली की दुसरी. एका कागदावर एक, दुसऱ्यावर...’’

‘‘मला विचारायचं ना,’’ ती म्हणाली.

ती रागावली असती, रडली असती तर पेंटरला बरं वाटलं असतं. तिने ते नुसतं सांगितलं, ब्रश कुठे ठेवलाय ते सांगावं तसं. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बाहेर आलीच नाही. नळाचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

चौथ्या दिवशी संस्थेची गाडी आली. पिशवी तीच होती. बूट आता मापाचे होते, काकूने घेतलेले. शेजाऱ्यांनी दारात येऊन विचारलं, ‘‘काय, पाहुणी निघाली?’’ आणि पेंटरला आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाची चीड आली. चीड कुणावर काढणार? तो शब्द त्याने स्वतः वर्षभर चघळला होता.

पोरीने काकूला मिठी मारली. मग ती पेंटरसमोर येऊन उभी राहिली. बोलण्याआधी तिने मनात वाक्य जुळवलं, ते त्याला दिसलं. तशी सवय त्यानेच लावली होती.

‘‘तुमची आठवण येईल मला,’’ ती म्हणाली.

पेंटरने सवयीने वाक्य तपासलं. आठवण स्त्रीलिंगी, म्हणून तुमची. येईल, भविष्यकाळ. एकही चूक नव्हती.