बांधावरून घेतलेलं सॅम्पल

पहिल्या ट्रॉलीच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, बारा आलं. मी मीटरची काच पुसली, पुन्हा थेंब टाकला, पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं. बाराच.

"सोपानराव, ही कुणाची ट्रॉली?"

"हणमंतरावांची, मॅडम. बिलोलीच्या अलीकडं शेत हाय त्यांचं."

"त्यांचं गेल्या वर्षी अठरा होतं ना?"

"हाव. अठरा."

दुसऱ्या ट्रॉलीचं तेरा आलं. तिसरीचं साडेअकरा. दुपारपर्यंत नऊ ट्रॉल्या झाल्या आणि एकही चौदाच्या वर गेली नाही. आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सरासरी सतरा लिहिलेलं होतं. त्याखाली सही माझी होती.

ईशा आणि नील, तुम्ही परवा तुमच्या घराजवळच्या पेट्रोल पंपाचा फोटो पाठवलात. त्यावरच्या स्टिकरवर इथेनॉल लिहिलेलं होतं. 'आजी, तू हेच बनवायचीस ना?' असं नीलने विचारलं होतं. हो, हेच. ते कसं बनतं हे मी एका ओळीत सांगू शकले असते. पण त्या कामातली एक गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेली नाही. ती आता नीट क्रमाने लिहून ठेवते.

आधी कामाबद्दल. नांदेड जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीत मी चीफ केमिस्ट होते. अल्कोहोल बनवायला साखर लागते. ती साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिच्या साधारण निम्म्या वजनाचं अल्कोहोल देतात. बाकीचा वायू होऊन उडून जातो. आमच्याकडे ही साखर मळीतून यायची. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, घट्ट पाक. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण आलं तशी सगळ्यांनाच मळी हवी झाली. ती महागली, कधीकधी मिळेनाशी झाली. म्हणून आमच्या मॅनेजमेंटने गोड ज्वारी लावून पाहायचं ठरवलं. पहिल्या वर्षी काही शेतांत चाचणीपुरती पेरायची आणि तिथली गोडी मोजून पुढच्या वर्षी गाळप सुरू करायचं, असा बेत होता.

ही ज्वारी दिसायला नेहमीच्या ज्वारीसारखीच असते, पण तिच्या धाटात उसासारखा रस असतो. कणीस शेतकऱ्याने ठेवायचं, धाट आम्ही घ्यायचं. उसापेक्षा पाणी कितीतरी कमी लागतं. मराठवाड्यात याहून चांगली कल्पना कोणती असणार, असं मला मनापासून वाटलं होतं.

हिशोब सगळा गोडीवर उभा होता. ब्रिक्स सतरा म्हणजे शंभर किलो रसात सतरा किलो विरघळलेला माल, त्यातली बहुतेक साखर. अल्कोहोल वेगळं काढायला आंबलेला रस उकळावा लागतो आणि वाफेला खर्च येतो. रस गोड असो की फिका, वाफ जवळजवळ तेवढीच लागते. फिक्या रसात तुम्ही पैसे देऊन नुसतं पाणी उकळत बसता. तेल कंपन्यांचा भाव ठरलेला, धाटाचा भाव शेतकऱ्यांशी ठरलेला. सतराला आमचं जेमतेम भागत होतं. बाराला रोज तोटा होता.

आता सोपानरावांबद्दल. ते आमचे फील्ड सुपरवायझर. मूळ औसा तालुक्यातले. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची बायको आणि थोरला मुलगा गेला. धाकटी सुमन तेव्हा सात वर्षांची होती, ती वाचली. मी नांदेडहून मदतीच्या गटाबरोबर गेले होते, तेव्हा दगडांच्या ढिगाशेजारी हा माणूस मुलीला मांडीवर घेऊन बसलेला मी पाहिला. कुणी काही विचारलं तर एकच सांगायचा, "भिंती रुंद होत्या हो. गाडी जाईल एवढ्या रुंद. आत निस्ती मातीच होती." पुढे मी शब्द टाकून त्यांना डिस्टिलरीत लावून घेतलं. दहा वर्षं त्यांनी एकही दांडी मारली नाही.

सुमन हुशार निघाली. दहावीला तालुक्यात दुसरी आली. त्या काळात लातूरला क्लासेसची लाटच आली होती. नांदेड, परभणीचीच काय, पुण्याकडचीही मुलं तिथे खोल्या घेऊन राहायची. सोपानरावांनी सुमनला लातूरला ठेवलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीचं वर्ष सुरू होतं. सोपानरावांचा पगार आला की सरळ लातूरला जायचा आणि हे स्वतः डिस्टिलरीच्या क्वार्टरमध्ये एकवेळ रांधून दोनवेळ खायचे.

त्या संध्याकाळी मी आधी मीटर तपासलं. डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकला, काटेकोर शून्य आलं. म्हणजे मीटर बरोबर होतं. मग वाटलं, कापलेलं धाट पडून राहिलं की त्यातली साखर कमी होते, तसं झालं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेलं धाट दुपारच्या आत गाळपाला घेतलं. तेरा आलं.

तिसऱ्या दिवशी मी जीपने हणमंतरावांच्या शेतात गेले. सोपानराव बरोबर होते. आदल्या वर्षी सॅम्पलसाठी मी याच शेतात आले होते, याच दिवसांत. तेव्हाचं सगळं मला लख्ख आठवत होतं. पाऊस होऊन गेलेला, काळ्या मातीचा चिखल. जीपमधून उतरताच पहिल्या पावलाला माझी चप्पल रुतली होती. हणमंतराव म्हणाले होते, "बाई, तुमी कशाला चिखलात? बांधावर बसा. मी देतो की आणून." त्यांनी घोंगडी अंथरली. सुनेने शेंगा आणि गूळ आणून ठेवला. दहा धाटं आली, मी रस काढून मोजला, फॉर्म भरला. 'सॅम्पल घेणार' या रकान्यात सही केली. त्या वर्षी सोपानरावांना बरोबर घेऊन मी चाळीस शेतांत गेले आणि चाळीस बांधांवर बसले.

सॅम्पल कसं घ्यायचं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. हैदराबादला एम.एस्सी.ला आम्हाला तो धडाच होता. ओळी मोजायच्या, ठरावीक अंतरावर थांबायचं, समोर येईल ते धाट घ्यायचं. जाड, बारीक, किडकं, जे येईल ते.

या वेळी मी चपला बांधावर काढून ठेवल्या, निऱ्या खोचल्या आणि चिखलात उतरले. विसाव्या ओळीत गेले, दहावं धाट मोडलं. बोटाएवढं बारीक होतं. हणमंतराव मागून धावतच आले.

"बाई, बाई, ते कशाला? ते काय न्यायचं हाय का? थांबा, चांगलं बघून देतो."

"मला हेच हवंय."

"आता! गेल्या साली काय वंगाळ दिलं होतं का आमी? सगळं रान फिरून दहा काढले होते तुमच्यासाठी. आमची म्हातारी म्हणली, कंपनीच्या बाई पहिल्यांदा दारी आल्या, बारीकसारीक देऊ नका."

मी सोपानरावांकडे पाहिलं. ते खाली पाहत होते.

"सगळ्या शेतांत असंच झालं?" मी विचारलं.

"पाव्हण्याला कुणी किडकं देतं का, मॅडम?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुमाला म्हाइत हाय."

त्या शेतात मी वीस धाटं घेतली. नऊपासून सोळापर्यंत आकडे आले. सरासरी साडेबारा.

यात कुणीही लबाडी केली नव्हती. मला फसवून हणमंतरावांना काही मिळणार नव्हतं, धाट वजनावर विकलं जाणार होतं. चाळीस घरांनी माझा मान ठेवला होता आणि मी तो मान मोजून त्याची सरासरी काढली होती.

आठवड्याने मीटिंग झाली. जीएम साहेब, अकाउंट्सचे एक जण, मी आणि सोपानराव. तोवर रोजच्या तोट्याचा कागद वरच्या ऑफिसात गेला होता. जीएम साहेबांपुढे गेल्या वर्षीच्या फॉर्म्सचा गठ्ठा होता.

"गोड ज्वारी आजपासून बंद," ते म्हणाले. "उभं पीक शेतकऱ्यांनी जनावरांना घालावं. ठरलेली भरपाई देऊ. पण वर मला एक उत्तर द्यायचंय. ही सॅम्पल्स कुणी निवडली?"

फॉर्मवर माझी सही त्यांना दिसत होती. मलाही दिसत होती.

मी तोंड उघडायच्या आधी सोपानराव उभे राहिले. "साहेब, मॅडमनी निस्ती सही केली. त्या बांधावर होत्या. धाटं निवडायला मी उभा होतो."

"म्हणजे चांगली चांगली तुम्ही काढून दिलीत?"

"हाव साहेब."

"का?"

ते म्हणाले, "चूक झाली. वरून चांगलं दिसतं त्याच्या आत काय हाय ते बघावं, एवढं तरी मला कळायला पायजे होतं. मला तर पायजेच होतं."

जीएम साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

मुलांनो, त्या खोलीत काही सांगायला फार वेळ लागला नसता. 'साहेब, सॅम्पल घेण्याची जबाबदारी माझी होती.' एवढंच वाक्य होतं. माझी रिटायरमेंट चार वर्षांवर होती. चीफ केमिस्टच्या खुर्चीत बसलेली त्या भागातली मी एकटी बाई होते, आणि मी कुठेतरी चुकायची वाट पाहणारे बरेच होते. हे सगळं तेव्हा माझ्या मनात आलं. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले.

"ठीक आहे," जीएम साहेब म्हणाले आणि त्यांनी गठ्ठा बंद केला.

महिनाअखेरीस सोपानरावांना काढलं. मी त्यांच्या क्वार्टरवर गेले तेव्हा ते भांडी पोत्यात भरत होते.

"तुम्ही असं का बोललात?" मी विचारलं.

"तुमी मला ढिगाऱ्यापासून उठवून आणलं, मॅडम. लोक धान्य देऊन गेले, कपडे देऊन गेले. काम तुमीच दिलं."

"सुमनचं काय?"

"बघू."

"तिच्या क्लासची फी मी भरते. बारावी होईपर्यंत."

त्यांनी हातातला तवा खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मग मी तिथं बोललो त्याची मजुरी झाली की ती. नगं."

हणमंतराव नंतर एकदा डिस्टिलरीच्या गेटवर भेटले. "बाई, आमच्या म्हशी हुशार निघाल्या," ते म्हणाले. "तुमचा प्लांट ते धाट पचवू शकला न्हाई, त्यांनी पंधरा दिवसांत फस्त केलं. आता त्यांनाच इथेनॉल मागा." आजूबाजूचे हसले. मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "ते सोपानराव कुठं गेले हो? भला माणूस." मला माहीत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा ते खरंच होतं.

मी मुदतीनंतर रीतसर रिटायर झाले. हार, नारळ, भाषण. भाषणात कुणीतरी माझ्या काटेकोरपणाचा उल्लेख केला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका मैत्रिणीच्या नातीला क्लासला घालायला मी तिच्याबरोबर लातूरला गेले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना मोठाले बोर्ड, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, खाली मार्क. दुपारी त्या नातीसाठी मेस पाहायला एका ठिकाणी शिरलो. आत चाळीसेक मुलं पुस्तकं मांडीवर ठेवून जेवत होती. भाकरी वाढणारे म्हातारे गृहस्थ माझ्यापुढे आले आणि थांबले.

"मॅडम?"

सोपानराव होते. केस पूर्ण पांढरे झालेले. मेस त्यांची नव्हती, ते तिथे कामाला होते.

मैत्रीण आणि नात खोली पाहायला वर गेल्या. मी तिथेच बाकावर बसले.

"सुमन?" मी विचारलं.

"मुखेडला दिली. दोन लेकरं हायत. बरं चाललंय." मग भाकरीचं टोपलं बाकावर टेकवून म्हणाले, "त्या साली तिला मधीच काढलं. परीक्षा घरून दिली तिनं. नंबर थोडक्यात हुकला. आता लेकरांचा अभ्यास घेऊन राहिली. लई कडक हाय म्हणतात."

बाहेरच्या बोर्डावरचे फोटो खिडकीतून दिसत होते.

"सोपानराव," मी म्हणाले, "त्या दिवशी मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं."

त्यांनी ऐकलं. नाही म्हणाले नाहीत. असू द्या, असंही म्हणाले नाहीत.

"जेवा मॅडम," ते म्हणाले. "भाकर गार व्हायली."

आणि टोपल्यातल्या वरच्या दोन भाकरी बाजूला सारून, खालची चांगली टम्म फुगलेली एक शोधून त्यांनी माझ्या ताटात वाढली.

गोड ज्वारी वाईट पीक नव्हतं. नीट मोजलं असतं तर आम्ही एक वर्ष आधी थांबलो असतो, किंवा थोड्या, निवडक जमिनीवर लावून हळूहळू शिकलो असतो. तुमच्यापैकी कुणी पुढे लॅबमध्ये गेलं तर एवढं लक्षात ठेवा. सॅम्पल स्वतः चिखलात उतरून घ्यावं. ते जमलं नाही तर सही करू नये. आणि सही केली असेल तर विचारणाऱ्याला उत्तर आपणच द्यावं.

ते फॉर्म अजून कुठल्या कपाटात असतील तर 'सॅम्पल घेणार' या रकान्यात चाळीसच्या चाळीस ठिकाणी नाव माझंच आहे. सोपानरावांचं त्यावर कुठेही नाही.