रेघा वाचणाऱ्या तावडे मॅडम

आधी नाव घेतो ते हॉस्पिटलात मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढणाऱ्या तावडे मॅडमचं. मोठ्या डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण माझी बायको सुमन आज घरात हिंडतेय ती या बाईंमुळे.

पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात टेप होती. मी परळला शाळेचे गणवेश शिवतो, म्हणून नजर आधी टेपवरच गेली. आयसीयूत बेशुद्ध सुमनचं डोकं त्या मोजत होत्या, लाल पेन्सिलीने खुणा करत होत्या आणि खुणेखुणेवर एकेक वायर चिकटवत होत्या. तेही तिला सांगून, "हं ताई, जरा गार लागेल."

तापातून सुमनला झटके सुरू झाले ते थांबेचनात. म्हणून डॉक्टरांनी जड औषधाने तिला मुद्दाम गाढ झोपवलं होतं. डोळ्यांवर बॅटरी मारली तरी काही नाही. मेंदूची खबर फक्त पडद्यावर : बराच वेळ सपाट रेघा, मध्येच डोंगर, पुन्हा सपाट.

परभणीहून सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, मढं कशाला राखताय? लेकीला गावाकडं आणा."

मी सातवीत शाळा सोडलेला. सपाट रेघेचा मला एकच अर्थ माहीत. मॅडमना विचारलं, "गेली का हो ती?"

"मेल्या, कोण गेली?" त्या मालवणी ठसक्यात कडाडल्या. "रेघ आम्हीच सपाट केलीय, औषधाने. झोपवलेल्या मेंदूची परीक्षा घेत नाहीत. मोज, दोन डोंगरांत किती सेकंद?"

"दहा."

"तेवढेच हवेत. जा, चहा पिऊन ये."

तरी धीर सुटलाच. आईने देवीच्या समईतलं तेल पाठवलं होतं, ते मी गुपचूप सुमनच्या टाळूला चोळलं. तासाभरात रेघा वेड्यावाकड्या नाचायला लागल्या. तरुण डॉक्टर म्हणाले, "झटके परत आले. औषध वाढवा." सिस्टर घाबरली, सुमनचा रक्तदाब आधीच खाली होता, औषधाने आणखी पडला असता.

"सर, पाच मिनिटं द्या," मॅडम म्हणाल्या. "ही रेघ मेंदूची नाही, सुटलेल्या वायरीची वाटते." त्यांनी टाळूवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "तेल! डोकं आहे की खोकं? माप चुकलं तर तुझा शर्ट उसवता येतो रे. इथे काय उसवणार?"

मी रडायला लागलो. त्यांनी सुमनचे केस पुसले, पुन्हा मोजलं, पुन्हा चिकटवलं. रेघा निवल्या. सपाट, डोंगर, सपाट. औषध वाढवायचं राहिलं.

पुढे ते हळूहळू कमी केलं. दहाचे सहा झाले, सहाचे तीन. एका सकाळी सपाट काही उरलंच नाही, आणि झटका एकही नाही. "बघ, भरती आली!" मॅडमनी टाळी वाजवली.

चार दिवसांनी सुमनने डोळे उघडले. घशातली नळी निघाल्यावर मी सासऱ्यांना फोन लावला, म्हटलं, "घ्या, लेकीशी बोला."

"बाबा," सुमन घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जेवलात का?"

पलीकडे म्हातारा ढसाढसा रडला. इकडे अख्खा वॉर्ड हसत होता.

निघताना साडी पुढे केली तर मॅडमनी हात मागे घेतले. "साड्या आहेत रे. आम्ही कोकणातली भातखाऊ माणसं. हिच्या हातची ज्वारीची भाकरी खायचीय मला."

सुमनचे हात अजून थरथरतात, भाकरी कडेला फाटते. पण मॅडम, ज्या दिवशी तिची अख्खी भाकरी तव्यावर फुगेल, त्या दिवशी डिलाईल रोडवर तुमच्या दारात आम्ही दोघं उभे असू. हा माझा शब्द आहे.