आंदणाची बंगई

पवनीच्या सुखराम सुताराला स्क्रू फिरवण्याचा मनापासून कंटाळा होता. स्क्रूला तिकडे पेच म्हणतात. पेच फिरवायचा असतो, त्यासाठीच त्याच्या अंगावर आटे आणि डोक्यावर खाच असते, हे सुखरामलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि पटणं यात अंतर असतं. तो पेच फळीवर उभा धरायचा, हातोडीचे चार टोले घालायचा, आणि डोकं फळीला टेकायला आलं की पेचकस घेऊन शेवटचे दोन फेरे द्यायचा. ते दोन फेरे मात्र अशा ऐटीत, मान तिरपी करून, जीभ दाताखाली धरून, की पाहणाऱ्याला वाटावं सगळं काम त्या दोन फेऱ्यांतच होतं.

"पेचाचा मान रायला पायजे ना गा," तो म्हणायचा.

पवनीत हे खपून गेलं. त्याचं सगळं काम घरातलं. पलंग, देव्हारे, कोष्ट्यांच्या मागांची दुरुस्ती. छपराखालच्या लाकडात पेच ठोकला काय आणि फिरवला काय, लाकूड तक्रार करत नाही. ते तक्रार करतं उघड्यावर, पाणी प्यायल्यावर. सुखरामच्या लाकडाने ती केली १९७८ साली, आणि केली तीही थेट विहिणीच्या लुगड्यावर.

झालं असं, की त्या उन्हाळ्यात सुखराम आणि देवकाबाईंनी आपली एकुलती एक मुलगी सत्यवती बपेऱ्याच्या गोपीचंदला दिली. पवनी हे जिल्ह्याच्या या टोकाला आणि बपेरा त्या टोकाला, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. तीन एसट्या बदलल्याशिवाय मुलीचं तोंड दिसत नसे. गोपीचंदचं घरही मूळचं सुताराचंच, पण दोन पिढ्यांपूर्वी वाकस-रंधा माळ्यावर टाकून धानाच्या शेतीला लागलेलं. अशा घरात लाकडाचं काम कमी आणि लाकडाच्या कामावर बोलणं जास्त असतं. त्यातही गोपीचंदची आई गिरजाबाई बोलण्यात अव्वल.

आंदण म्हणून सुखरामने बंगई केली, म्हणजे अंगणात टांगायचा फळीचा झोपाळा. अस्सल सागाच्या चार लांब फळ्या, खालून तीन आडव्या पट्ट्या, आणि वरून बारा पेच. साधे लोखंडी, पलंगाला वापरायचे तेच. बपेऱ्याच्या अंगणातल्या कडुनिंबाला ती टांगली तेव्हा सगळं गाव येऊन एकेक झोका घेऊन गेलं. गिरजाबाई मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "बरी हाये." त्यांच्या तोंडून "बरी" निघणं म्हणजे दुसऱ्या कोणी ढोल वाजवण्यासारखं होतं. सुखराम परतीच्या तिन्ही एसट्यांत हसत होता.

मग पोळा आला. पोळ्याला बैल ओवाळून घ्यायला दारोदार येतात. सकाळी एक सर येऊन गेली होती. गिरजाबाईंनी सुखरामने मानाचं म्हणून दिलेलं पवनीचं फिकट पिवळं लुगडं नेसलं, फळी हाताने पुसली आणि आरतीचं ताट मांडीवर घेऊन बैलांची वाट पाहत बंगईवर मधोमध बसल्या. बैल आले. ते अंगणात आत येऊन उभे राहिले. गिरजाबाई उठल्या, बैलांकडे तोंड केलं, म्हणजे ओघानेच गल्लीकडे पाठ केली. लुगड्यावर गंजाचे चार डाग होते, एका ओळीत, मोजून मापून लावल्यासारखे.

शेजारच्या कलाबाईने ते सर्वांत आधी पाहिले. कलाबाईने एखादी गोष्ट पाहिली की ती गावाने पाहिलीच.

गंजाचा डाग निघत नाही. चिंच झाली, लिंबू झालं, रिठे झाले. आठवड्याने पवनीला पोस्टकार्ड आलं. मजकूर गिरजाबाईंचा, पण त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि घरात वळणदार अक्षर एकट्या सत्यवतीचं. तेव्हा सासूने सांगावं आणि सुनेने आपल्याच बापाविरुद्ध लिहावं, असा तो प्रकार होता. "आमच्या घरची सुतारकी सुटून दोन पिढ्या झाल्या, पण लुगडे रंगविणारी बंगई आमच्याकडे कोणी केली नव्हती," असं त्यात लिहिलं होतं. कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात होतं, "बाबा, खोकल्याचं औषध घेत जा."

सुखरामला विहिणीचा मजकूर जेवढा लागला नाही, तेवढं ते खोकल्याचं वाक्य लागलं. तो दिवसभर जेवला नाही. पुढे तिकडून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं ते आणखी वाईट होतं. बपेऱ्यात सत्यवतीला आता कोणी नावाने हाक मारत नव्हतं. ती "ठोक्याची पोरगी" झाली होती. भाकर तव्यावर फाटली तर "बापानं ठोकली असन," आणि घागर जरा जोरात ठेवली तर "ठोकू नको वो बाई, फिरवून ठेव." हसण्यावारी चाललेलं, पण रोज चाललेलं.

"पोरीचं नाव गेलं तुमच्या हातोडीपायी," देवकाबाई म्हणाली. "ते परत आणून द्या."

पुढच्या उन्हाळ्यात सुखराम पवनीतल्या नंदलालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. नंदलालने काउंटरवर कागदाची पुडी उघडली. आत चांदीसारखे पांढरे दोन डझन पेच आणि मेणाची एक गोळी.

"जस्त चढवलेले हायेत," नंदलाल म्हणाला. "उघड्यावरच्या कामाले हेच घ्यायचे. जुन्या भोकात ढिले होतीन, म्हणून एक नंबर जाड देऊन राहिलो. पण सुखरामभाऊ, ठोकायचे नाई. ठोकले का जस्त खरडून निघते, मंग आत लोखंड ते लोखंडच. आधी गिरमिटानं भोक पाड, आट्याले मेण लाव, खाचेत गच्च बसन असा पेचकस घे, आन डोक्यापर्यंत फिरव."

"तू विकून राहिला का शिकवून राहिला?" सुखराम म्हणाला. तीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला तागडीवाल्याने पेच कसा बसवायचा हे सांगावं, हे त्याला झोंबलं. त्याने पुडी उचलली, विहिणीसाठी नवं लुगडं घेतलं आणि बपेरा गाठलं.

तिथे त्याने काळे पडलेले पेच काढले, फळ्यांवर रंधा मारला, आणि नवे पांढरे पेच बसवायला घेतले. कसे, ते सांगायला नको. टोले, मग मान तिरपी, मग दोन फेरे. सत्यवती शेजारी बसून पेच हातात देत होती. लहानपणी ती बापाच्या कामाशेजारीच खेळली होती, आणि मेण काय, गिरमिट काय, हे नंदलालचं शिकवणं तो आता तिला हसत हसत सांगत होता. पण पेचकस तिच्या हाती कधी कोणी दिला नव्हता. आठ पेच झाले आणि ओसरीवरून चहाची हाक आली. व्याह्याच्या घरचा चहा म्हणजे चहाबरोबर गोष्टीही आल्याच. सुखराम तासाभराने परतला तेव्हा डाव्या टोकाचे चार पेच बसलेले होते.

"अवो, झाले का हे?" तो म्हणाला.

"झाले," सत्यवती म्हणाली.

आपणच चहाच्या आधी उरकले असतील असं समजून सुखरामने हातोडी पिशवीत टाकली. स्वतःच्या कामाबद्दल त्याला कधी शंका येत नसे, ही त्याची जुनी खोड.

१९७९ चा पोळा. सकाळी पाऊस, नवं लुगडं, ताट, मधोमध गिरजाबाई, बैल, पाठ, कलाबाई. चार डाग. ते जरा फिके होते, एवढाच जस्ताचा उपयोग.

पोस्टकार्ड आलं. कडेला या वेळी काहीच लिहिलेलं नव्हतं. सुखराम ते घेऊन नंदलालच्या दुकानात शिरला आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "तुझं जस्त खोटं हाये."

"ठोकले असशीन," नंदलाल म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोयंडा दाखवू लागला.

दोघांचं बोलणं बंद झालं. सुखरामने वर्षभर खिळादेखील दुसरीकडून आणला. पुढच्या पोळ्याच्या चार दिवस आधी तो बपेऱ्याला निघाला तो बंगई नीट करायला नव्हे. गंजलेले पेच काढायचे, पुडीत बांधायचे आणि नंदलालच्या काउंटरवर आपटायचे, एवढ्यासाठी. लुगडंही त्याने या वेळी घेतलं नाही. ते नंदलालने द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं.

अंगणात जाऊन त्याने मधला पेच धरला. दोन फेऱ्यांत तो हातात आला. दुसराही दोन फेऱ्यांत. ज्यांना जाताना दोन फेरे मिळाले होते, ते येतानाही तेवढेच घेत होते. सगळे तांबूस, आट्यांवरचं जस्त उडालेलं. सुखराम खूष होत चालला होता. आठ पेच पुडीत गेले. मग तो डाव्या टोकाशी आला.

तिथला पेच हलेना. त्याने गुडघा टेकला, पेचकसावर भार दिला, कपाळावर घाम आला. पेच करकरला आणि हळूहळू, आटा आटा करत, पुरा वर आला. तो पांढराच होता; शेजारच्या तिघांची डोकीही पांढरीच. दोन पावसाळे खाल्लेला, आणि आट्यांत अजून मेण.

"पाय," सुखराम सत्यवतीला म्हणाला. "हे चार खरे होते. बाकीच्यात त्या नंदलालनं खोटे मिसळले."

सत्यवती आत गेली आणि एक डबी घेऊन आली. तिच्यात पुडीतले उरलेले बारा पेच होते, मेणाच्या गोळीसकट.

"सगळे एकाच पुडीतले हायेत बाबा," ती म्हणाली. "ते चार मी बसवले. तू चहाले गेला होता तवा. गिरमिटानं भोक पाडून, मेण लावून फिरवले. एकाले लई वेळ लागला. हाताले फोड आले."

सुखराम पेच बोटांत फिरवत राहिला. नंदलालचं एकेक वाक्य त्याला आठवलं, काउंटरसकट. 

"तुले मागच्या पोळ्यापासून समजलं होतं?"

"हाव."

"मंग बोलली काहून नाई?"

"कोणाले बोलू? कार्ड तं आत्याबाई सांगतेत. त्यायच्यासमोर लिहू का, का माह्या बापाचं चुकलं म्हणून? आधीच ठोक्याची म्हणतेत. म्हटलं म्हणू दे. पेच खराब निघाले म्हणतेत तेच बरं हाये."

वर्षभर मुलीने त्याची लाज राखण्यासाठी ते नाव अंगावर झेललं होतं.  त्याने पुडी उघडली आणि गंजलेले आठही पेच उकिरड्यावर फेकून दिले.

हे सगळं ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या गिरजाबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. टोमण्याची संधी त्या घरात पहिल्यांदाच वाया गेली.

पुढचे दोन दिवस बापलेकीने मिळून काम केलं. ठोकाठोकीने फाटलेली आठ भोकं सागाच्या खुंट्या मारून बुजवली. खुंट्यांपुरती हातोडी लागली, तेवढी सत्यवतीने चालवून घेतली. मग गिरमिट, मग मेण, मग पेच. सुखराम फिरवायचा, थकला की सत्यवती फिरवायची. तिसऱ्या पेचाला त्याच्या मनगटात गोळा आला आणि हात आपसूक हातोडीकडे गेला.

"बाबा," सत्यवती म्हणाली. हात परत आला.

पोळ्याला सकाळी पाऊस येऊन गेला. गिरजाबाईंनी ट्रंकेतलं आपलं स्वतःचं दह्याच्या रंगाचं लुगडं काढलं. ते कशाला, साधं नेसा, असं गोपीचंद म्हणाला तर त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या मधोमध बसल्या, आणि बैल येईपर्यंत मुद्दाम दोनचार झोके जास्त घेतले. सुखराम कडुनिंबाच्या आड उभा होता. बैल आले. गिरजाबाई उठल्या, ओवाळलं, बैलांना पुरणपोळी दिली, आणि सगळं झाल्यावरही गल्लीकडे पाठ करून तशाच उभ्या राहिल्या. कलाबाईला पाहायला भरपूर वेळ मिळावा म्हणून.

कलाबाईने वाकून पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. तिला काही सापडलं नाही.

"कोणत्या मिस्त्रीनं केलं वो?" तिने विचारलं.

"आमच्या सत्यवतीनं," गिरजाबाई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बापानं फळ्या धरल्या."

सुखराम झाडाआड डोळे पुसत होता. आपलं काम नुसतं फळ्या धरण्याचं ठरलं याचं त्याला काडीचं वाईट वाटलं नाही. सत्यवतीचं नाव परत आलं होतं.

निघताना गिरजाबाई दारात आडव्या आल्या. "इवाई, औंदा लुगडं नाई आणलं?"

"डाग पडला नाई ईनबाई," सुखराम चाचरत म्हणाला.

"तं हातोडी ठेवून जा."

पिशवीतून हातोडी काढून त्याने त्यांच्या हातात दिली. तीस वर्षांची हातोडी होती ती, दांडा त्याच्या मुठीच्या आकाराचा झालेला. परतीच्या तिन्ही एसट्यांत पिशवी हलकी लागत होती.

महिन्याने पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच वळणदार. "हातोडी बैलाचे खुंटे ठोकण्यास कामी येत आहे. कलाबाईच्या घरचे फाटक पडले आहे, ते सत्यवतीने करावे असे ती म्हणते. तरी सत्यवतीस चांगला पेचकस पाठवावा. उसना चालणार नाही." कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बाबा, हे आत्याबाईंनीच सांगितलं आहे, मी नाही."

सुखरामने कार्ड खिशात घातलं आणि वर्षभराने नंदलालच्या दुकानाची पायरी चढला. नंदलालने मान वर केली.

"पांढऱ्या पेचांची एक पुडी दे," सुखराम म्हणाला. "आन खाचेत गच्च बसन असा पेचकस."

"आता फिरवणार का?" नंदलालने विचारलं.

"मी कायले," सुखराम म्हणाला. "आमच्या घरच्या मोठ्या मिस्त्रीसाठी हाये."