सावल्या बंद केलेला रस्ता

कारेगावात आमची पत्र्याची खोली होती. माझे मालक कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. मग त्यांच्या हातातलं बळ जायला लागलं. आधी गियर टाकताना हात थरथरायचा, पुढे पुढे भाकरीचा तुकडा मोडेना. हा आजार मागे फिरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बसची नोकरी सुटली तसं ह्यांनी बोलणंही टाकलं.

धाकटे दीर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. त्यांनी जुने भाग जोडून एक मशीन आणलं आणि त्यात गाडी चालवायचा गेम घातला. बटणावर बोट टेकवलं की गाडी चाले. हे पुन्हा ड्रायव्हर झाले. डोंगर, झाडं, ओल्या रस्त्यावरचा उजेड, सगळं खऱ्यासारखं. पण गाडी अडखळायची. वळण आलं की चित्र जागीच थांबायचं, आणि हलायचं तेव्हा गाडी कठड्यावर आदळलेली असायची.

माऊस धरायला मीच लागणार, म्हणून दिरांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "वहिनी, हे मशीन घडीघडीला सगळं चित्र नव्यानं काढतंय. पानापानाची सावली काढत बसलं, तर गाडी कवा हलवणार? त्याचं काम कमी करायचं."

इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. गेमच्या सेटिंगच्या यादीत वरून कितवी ओळ कशाची, ते ध्यानात ठेवलं. सावल्या बंद केल्या, गाडी जरा मोकळी झाली. मग गवत घालवलं, धूर घालवला, काचेत दिसणारं आभाळ घालवलं. शेवटी चित्राचे ठिपकेच कमी केले. डोंगराच्या कडा पायऱ्यांसारख्या झाल्या, झाडं पुठ्ठ्याची दिसायला लागली. पण गाडी वळणावर अलगद वळली.

"आता लागली लायनीला," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला.

उन्हाळ्यात पत्रा तापला की मशीन तापायचं आणि पुन्हा अडखळायचं. घरात टेबलफॅन एकच. ह्यांनी तो मशीनकडे फिरवायला लावला. ह्यांच्या मानेवरून घाम ओघळायचा. मी पदरानं वारा घालायला गेले, तर म्हणाले, "माझं राहू दे. ते थांबलं तर मी काय करू?"

एका दुपारी गाडी वळलीच नाही, सरळ कठड्यात गेली. मी सवयीनं त्या ओळी उघडल्या. बंद करण्याजोगं काही उरलं नव्हतं. मग लक्षात आलं, चित्र या वेळी अडखळलंच नव्हतं. ह्यांचं बोट बटणावर होतं, पण बटण दबत नव्हतं.

मी म्हणाले, "अहो, आज मशीनच मंद झालंय."

"मशीन बराबर हाय." मग म्हणाले, "सगळं चालू कर."

"मग गाडी चालायची न्हाई."

"चालवायची कुठं हाय आता? बघायची."

मी खालून वर एकेक ओळ चालू करत गेले. डोंगराच्या कडा नीट झाल्या. गवत आलं, ते थांबत थांबत हलत होतं. काचेत आभाळ आलं. गाडी कठड्याला टेकून उभी होती आणि तिच्या टपावर झाडाची सावली पडली. हे तिकडेच बघत राहिले.

मी फॅन त्यांच्याकडे फिरवला. या वेळी त्यांनी तो परत मशीनकडे फिरवायला लावला नाही.