राणीच्या बग्गीपुढचा बैल

परवा यवतमाळच्या एका हॉटेलात बैलाची कवड्यांची झूल काचेत लावलेली दिसली आणि माझा घास तोंडातच राहिला.

साठ सालाच्या आसपास आमच्या तांड्याजवळच्या गावानं इंग्रजांच्या राणीच्या राज्यातल्या वैभवाचा उत्सव भरवला होता. इंग्रजांचा कापसाचा जुना कारखाना, म्हणजे जिनिंग, रंगवलं होतं आणि पत्र्याचा मुकुट घातलेली एक पोरगी राणी होऊन बग्गीत बसली होती. तिच्यापुढं चालायला त्यांना तसलीच कवड्यांची झूल घातलेला आमचा बैल हवा होता.

रेल्वे आली तसा बैलांवर माल वाहायचा आमचा धंदा बुडाला, त्याला जमाना झाला होता. तरी माझ्या आज्यानं एक पुढारी बैल पाळला होता. त्याला ओझं नाही, जू नाही, काठी नाही. तो बसेल तिथं तांड्यानं मुक्काम करायचा, हा आमचा रिवाज.

जिनिंगचा भोंगा वाजला आणि बैल फाटकातच बसला. आजाही पागोटं सोडून त्याच्याजवळ टेकला.

"बुढ्या, उठव ना त्याले! राणी खोळंबून राह्यली!" उत्सवाचा म्होरक्या ओरडला.

"तो बसला का तांडा थांबते, साहेब."

लोक पोट धरून हसले. मग कुणीतरी आज्याच्या हातात काठी दिली. त्यानं बैलाला मारलं, बैल उठला, टाळ्या पडल्या. मिरवणूक निघाली म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. त्या आता ऐकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आज्यानं झूल उतरवली आणि बैलाला नांगराला जुंपलं. दुपारी बैल वावरात बसला. या वेळी आज्याच्या हातात काठी कुणाला द्यावी लागली नाही.