टीकापाठाची वही

मी गणिताचा मास्तर. सिद्ध झाल्याशिवाय मी सासऱ्याचाही शब्द मानला नाही. अंगात येणं, झपाटणं असलं काही कानावर आलं की माझं डोकंच फिरतं. तरी हे लिहितोय, कारण ते माझ्याच वहीत घडलं... आणि आठवून मला किळस येते, ती भुताची नव्हे.

साल १९५७, हिवाळा. मी वर्ध्याला बी.टी., म्हणजे आजचं बी.एड., करत होतो. खोली बोरगाव मेघेला, कॉलेजला सायकलने जायचो. आमच्यात टीकापाठ असायचा. म्हणजे एकाने खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गाला धडा शिकवायचा, बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून त्याचे गुणदोष वहीत लिहायचे आणि नंतर सगळ्यांसमोर वाचायचे. त्या दिवशी पाळी सुखदेवची होती. तो आष्टीकडचा. आदल्याच वर्षी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता. गावाजवळच्या हायस्कुलाने त्याला गणिताची जागा कबूल केली होती, पण हा पाठ पास झाला तरच वार्षिक प्रात्यक्षिकाला बसता येणार होतं.

आमचे गणिताचे प्राध्यापक... नाव घेऊन तोंड विटाळत नाही. सुखदेवने हात लावलेलं डस्टर हे गृहस्थ शिपायाकडून धुवून घ्यायचे. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हा सहा जणांना हॉटेलात नेलं, भजी खाऊ घातली आणि तंबाखू मळत म्हणाले, "उद्याची टीका आत्ताच लिहून घ्या, म्हणजे गडबड नको. आकृती चुकीची, आवाज खोल, प्रश्नाला उत्तर देता आलं नाही."

पाठ व्हायच्या आधीच टीका! आणि आम्ही लिहिली. मीही लिहिली, भजी खात खात, माझ्या फाउंटन पेनाने. माझंही पास-नापास त्यांच्याच हातात होतं. आज ती भजी घशाशी येतात.

दुसऱ्या दिवशी सुखदेवने त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवली. आकृती स्वच्छ, आवाज खणखणीत. मध्येच एक मुलगी उठली — "सर, तुमचा तिकोन सरका हाय. माहा वाकडातिकडा निघाला. ह्याच्यातबी दोन काटकोनच होतीन का?"

सुखदेव हसला. "फाड त्याचे तिन्ही कोपरे, बाई. आन् ठेव एकमेकाले लावून."

तिने फाडले, बाकावर जुळवले. सरळ रेष झाली! पोरगी टाळी वाजवून खाली बसली. अख्खा वर्ग कागद फाडायला लागला. मला माझ्या उभ्या आयुष्यात असा पाठ घेता आलेला नाही.

मुलं गेली आणि वाचन सुरू झालं. पाच जणांनी ठरलेलं वाचलं. मग मी उठलो, वही उघडली.

पान माझंच, अक्षर माझंच. कोपऱ्यात भज्याच्या तेलाचा डागही तोच. पण लिहिलेलं वेगळंच होतं — "आकृती अचूक. एका मुलीने वाकडा त्रिकोण काढला. शिक्षकाने तिच्याकडूनच कोपरे फाडून जुळवून घेतले. सरळ रेष झाली. मुलीने टाळी वाजवली." वही पाठभर माझ्या मांडीवर मिटलेली होती. पेन खोलीवर विसरलेलं, खिशात नुसती पेन्सिल... आणि हे सगळं शाईत!

प्राध्यापक म्हणाले, "वाचा ना."

आणि मी वाचलं. डोळ्यांसमोर ते पान होतं आणि तोंडाने मी कालचं म्हणालो, पाठ केल्यासारखं. "आकृती चुकीची. आवाज खोल. प्रश्नाला उत्तर देता आलं नाही." एका दमात, न अडखळता. स्वतःच्या तोंडावर थुंकता येत नाही म्हणून, नाहीतर...

सुखदेवला नापास केलं. हायस्कुलाची ती जागा दुसऱ्याला गेली.

शाईचं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. वही पुढे एका रसायनशास्त्राच्या माणसाला दाखवली. खाडाखोड नाही, खाली जुनं काही नाही, एवढंच तो म्हणाला. बाकी पाचांच्या वह्यांत काय होतं, देव जाणे. त्यातल्या एकाला बऱ्याच वर्षांनी विचारलं, तर तो चहा अर्धा ठेवून उठून गेला.

रिवाज असा होता की पाठ घेणाऱ्याने सगळ्यांच्या वह्या नेऊन आपले दोष उतरवून घ्यायचे आणि खाली सही करायची. सुखदेवनेही नेल्या. संध्याकाळी सायकल स्टँडवर त्याने माझी वही परत दिली. चिडला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"वसंता, तुनं त सारं बराबर लिवलं होतं. मंग वाचलं काऊन नाई?"

मी सायकलची चेन बसवत राहिलो. चेन पडलेलीच नव्हती.