‘मी आलो’ म्हणणाऱ्या बायका

कोल्हापूरकडं बायकाही ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. कोडोलीला आमच्या घरी आई तसंच बोलायची आणि मीही. पुढं मी शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवू लागले. मुलींच्या वह्यांतलं ‘आलो’ खोडून लाल पेनानं ‘आले’ लिहायचे, आणि शनिवारी गावी उतरले की माझं ‘आई, आलो गं’ सुरू. घर वेगळं, शाळा वेगळी, असं स्वतःला सांगायचे.

एकदा जोतिबाहून परतताना आई न कळवता शाळेत आली. शिक्षकखोलीच्या दारातूनच मोठ्यानं म्हणाली, “बसा बसा, मी आत येत न्हाय. लेकीला परसाद द्याय आलतो.”

दोघीतिघी शिक्षिका गालातल्या गालात हसल्या. मी आईला घाईनं फाटकापाशी नेलं.

“इथं तरी जरा नीट बोल की.”

“व्हय. चुकलं माझं,” ती म्हणाली. नारळ माझ्या हातात देऊन गेली.

त्यानंतर मी वर्गात आणखीच कडक झाले. आईचं बोलणं चुकीचं ठरलं, तरच माझं वागणं बरोबर ठरणार होतं.

काही महिन्यांनी फोनवर तब्येत विचारली, तर आई अडखळत म्हणाली, “मी बरी आहे.” एरवी तिच्या तोंडी ‘हाय’ असायचं. माझी आई माझ्याशी पाहुण्यासारखी बोलत होती.

रविवारी गाव गाठलं. ती जनावरांना वैरण टाकत होती.

“आई, त्या दिवशी मीच चुकलो. तू आपलं पहिल्यासारखं बोल.”

“मास्तरीण न्हवं तू? असं बोलतीस व्हय?” ती हसली. पण तिची जीभ सैल व्हायला वर्ष गेलं.

मलाही वेळ लागला. आधी लाल पेन थांबलं. मग मुलींना घरातलं बोलणं जसंच्या तसं लिहून आणायला सांगितलं, तेव्हा वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीही हात वर करू लागल्या. परीक्षेत ‘आले’च लिहायला लावते, पण ती लिहिण्याची रीत आहे, एवढंच सांगते.

“बाई, तुम्ही घरात काय म्हणता?” परवा एकीनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सगळा वर्ग हसला, आणि मीही.